सत्तरची रेषा

केतकीचा ओढांक त्या सोमवारी सकाळी एकोणसत्तर होता, आणि शैलजाबाई पुसदेकर ओट्याशी उभ्या राहून विचार करत होत्या, की पोरीच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या द्याव्यात की आदल्या दिवशीची पोळी.

पुऱ्या केतकीला फार आवडत. अडचण तीच होती.

त्यांनी पोळीच घातली, शेजारी लोणच्याची फोड ठेवली आणि डबा बंद केला. केतकीने झाकण किंचित उघडून पाहिलं. दहा वर्षांची काटकुळी मुलगी, कपाळावर कधीच्या तरी खोकेचा व्रण. तिने झाकण पुन्हा दाबून बसवलं. दप्तर पाठीला लावून दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मावशी, पोळी पण छान लागते गं."

टेबलावरच्या फोनमध्ये आकडा सत्तर झाला.

ओढांक म्हणजे काय, हे शैलजाबाईंना चांगलं ठाऊक होतं. मूल घाबरलं की त्याच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि थोड्या वेळाने ते घामातही उतरतं. आपलं माणूस जवळ आलं की ते कमी होऊ लागतं, छातीचे ठोके सैलावतात. हे किती लवकर घडतं, त्यावरून ते माणूस किती आपलं, ते समजतं. संगोपन कुटुंबात ठेवलेल्या देशातल्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर म्हणून एक मऊ पट्टी असे. ती दिवसातून चाळीस वेळा घाम आणि ठोके तपासी, सांभाळणारं माणूस जवळ असतानाची आणि नसतानाची नोंद ताडून पाही आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा काढी. त्याचा अर्थ मुलांना सांगायला सक्त मनाई होती. कळलं तर मुलं नाटक करतील आणि मोजमाप बिघडेल, असं कारण होतं.

आकडा तीसच्या खाली गेला, तर मूल त्या घरात भेदरलेलं आहे असं समजून त्याला तिथून काढत. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. या खालच्या रेषेने कितीतरी मुलं मारझोडीतून सुटली होती.

पण रेषा दोन होत्या. आकड्याची सरासरी सलग तीन आठवडे सत्तरच्या वर राहिली तरीही मूल हलवलं जाई. संगोपन घर हे तात्पुरतं. तिथे मूल फार गुंतलं की पुढे दत्तक गेल्यावर नव्या घरी रुळत नाही, परत येतं, असं आकडेवारी सांगत होती.

ती आकडेवारी शैलजाबाईंनी काढली होती. सत्तरची रेषाही त्यांनीच आखली होती. त्यांच्या सांख्यिकी केंद्रातले लोक तिला 'पुसदेकर रेषा' म्हणत, आणि ते ऐकून त्यांना एके काळी बरं वाटत असे.

त्या काळी राष्ट्रीय बालसांख्यिकी केंद्राची कचेरी नागपुरातच, एका बैठ्या दगडी इमारतीत होती. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण देशभरातल्या दत्तकाची वाट पाहणाऱ्या मुलांची माहिती तिथे कागदावर यायची. सुतळीने बांधलेली जाड खाकी पाकिटं, आत शिशुगृहांच्या अधीक्षिकांनी हाताने भरलेले फॉर्म. कुणाचं अक्षर टपोरं, कुणाचं मुंग्या चालल्यासारखं. एखाद्या फॉर्मवर हळदीचं बोट उमटलेलं, एखाद्यावर दुधाचा डाग. पंचविशीतल्या शैलजाला ते डाग आवडत. तो फॉर्म भरताना कुणाच्या तरी मांडीवर ते मूल होतं, असं तिला वाटे. मग संगणकाच्या पडद्यावर सगळे फॉर्म सारखेच दिसू लागले. दरवाजावर एक फलक आला. 'दत्तकाच्या प्रतीक्षेत: एकतीस हजार चारशे सहा.' रोज सकाळी आकडा बदलायचा आणि माणसं चहा घेता घेता पारा बघावा तसा तो बघायची.

त्या निवृत्त झाल्या, तोवर यजमान गेले होते. मूलबाळ नव्हतं. दत्तक घेण्याचं वय उलटलेलं. संगोपनाला मात्र त्या चालत होत्या. आठ वर्षांच्या मुलीला दत्तक मागायला सहसा कुणी येत नाही, हे त्यांना टक्केवारीसकट पाठ होतं. केतकी आली ती चौथ्या घरातून. पहिला महिना पोरगी चपला उशाशी घेऊन झोपायची. कधी निघायला सांगतील, नेम नव्हता. तेव्हा ओढांक होता तेहतीस. दोन रेषांच्या मधे राहिलं, तर मूल अठराव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहू शके. शैलजाबाईंनी मनात हिशेब केला होता: आठ आणि दहा, अठरा. तोवर आपण सत्तरीच्या आत. सोपं गणित.

पण हळूहळू चपला दाराशी राहू लागल्या आणि दोन वर्षांत आकडा चढत गेला.

त्याच सोमवारी दुपारी, संगोपन घरांची पाहणी करणारा परिविक्षा अधिकारी तुषार गभणे आला. तिशीचा मुलगा, आदबीने वागणारा. केंद्रात प्रशिक्षण घेताना शैलजाबाईंच्या तासाला बसलेला.

"मॅडम, तिसरा आठवडा आज पुरा झाला," तो कपाकडे बघत म्हणाला. "सकाळी एकोणसत्तर दिसला असेल, पण सरासरी बहात्तर येते. आता दुरुस्तीला तीस दिवस. नाहीतर..."

"दुरुस्ती म्हणजे काय रे?"

"आता मी तुम्हाला काय सांगू? तुम्हीच लिहून ठेवलंय. संगोपकाने भावनिक अंतर राखावे. पान चौदा."

"पान बारा," शैलजाबाई म्हणाल्या.

तो कसनुसा हसला. "मॅडम, तुमच्याकडून काढली तर तिचं सहावं घर होईल. मला ती फाईल हलवायची नाहीये. थोडं अंतर ठेवा. खाली आला आकडा, की कुणी विचारायला येणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून शैलजाबाईंनी अंतर ठेवायला घेतलं. आयुष्यभर जे काम केलं ते नीट केलं, तसं हेही केलं. केतकीची वेणी घालायचं सोडून दिलं आणि तिला शेजारच्या बेबीताई वंजारींकडे धाडलं. जेवायला त्या आधी बसू लागल्या. केतकी शाळेतलं काही सांगायला आली की फोन कानाला लावून गॅलरीत जायच्या. पलीकडे कुणीच नसायचं.

आठवड्याने बेबीताई दारात उभ्या राहिल्या. त्यांचा मसाले कांडायचा धंदा; बोलणंही तसंच.

"काहून वं शैलाताई, पोट्टी रोज माह्याकडे वेणी घालाले येऊन राह्यली. तुमचे हात मोडले काय?"

"तेलाचा वास सोसत नाही हल्ली."

"काहीबाही नका सांगू मले! मागच्या महिन्यात तर वाटी घेऊन बसत होत्या तिच्या मागं. ते लेकरू मले विचारून राह्यलं, 'बेबीआजी, मी वाईट वागते काय?' काय सांगू मी तिले?"

"सांगा, नाही वागत म्हणून."

"मी कायले सांगू? ते तुमी सांगा!" बेबीताई तरातरा निघून गेल्या.

शैलजाबाई कुणालाच काही सांगू शकत नव्हत्या. पोरीला सांगावं, तर एका दिवसात आकडा ऐंशीच्या घरात जाईल. बेबीताईंना सांगावं, तर संध्याकाळपर्यंत ते पोरीला कळेल.

त्याच शनिवारी लंगडीचा सामना होता. केतकी शाळेच्या संघात होती आणि महिन्यापूर्वीच तिने मावशीकडून येण्याचं कबूल करून घेतलं होतं. शैलजाबाई साडी नेसून तयार झाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. चार वाजले, पाच वाजले. केतकी परत आली तेव्हा गुडघा सोललेला होता. तिने स्वतःच धुतला, स्वतःच हळद लावली.

"जिंकलात का?"

"हो," ती म्हणाली. हळदीची बरणी फडताळात ठेवली.

त्या दिवशी आकडा सहासष्ट झाला. शैलजाबाईंना पहिल्या क्षणी आनंद झाला. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि नळ पूर्ण सोडला.

पोरीला इतकं सोसायला लावायचं, तर निदान ज्या रेषेसाठी हे चाललंय ती बरोबर आहे की नाही, हे एकदा बघावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. निवृत्त कर्मचाऱ्यांना जुन्या फॉर्मांच्या छायाप्रती पाहता येत. केतकी शाळेत गेली की त्या पडद्यासमोर बसत. बारा हजार फॉर्म. ते टपोरं अक्षर, त्या मुंग्या, ते दुधाचे डाग त्यांना पुन्हा भेटले. चौथ्या दिवशी त्यांचा हात थांबला.

फॉर्म पाठपोट होता. पुढच्या बाजूला मुलाचं नाव, वजन, दत्तक गेल्याची तारीख. खाली बारीक छापलेलं, 'मूल परत आल्यास मागील बाजू भरावी.' आणि मागच्या बाजूवर चौथा प्रश्न, 'आधीच्या संगोपन घराची ओढ होती का?'

म्हणजे मूल परत आलं, तरच हा प्रश्न विचारला जायचा. मोजक्या अधीक्षिका प्रत्येक मुलाच्या दोन्ही बाजू भरत. बाकीच्या फक्त परत आलेल्यांच्या. जी मुलं सुखाने नांदली, त्यांचे कागद कुणी उलटलेच नव्हते. त्यांची मागची बाजू कोरी होती.

मग तक्त्यात त्या कोऱ्या जागी काय गेलं?

शैलजाबाईंना ती दुपार लख्ख आठवली. मंत्रालयाला पाच वाजेपर्यंत तक्ता हवा होता. त्या डबा उघडून बसल्या होत्या, वांग्याची भाजी होती. जाड चष्म्याचे म्हातारे कारकून वासुदेवराव टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, मागची बाजू बऱ्याच जणांची कोरी आहे. काय टाकू?"

आणि घास तोंडात असतानाच त्या म्हणाल्या होत्या, "शून्य टाका."

शून्य, म्हणजे ओढ नव्हती. ज्यांना कुणी विचारलंच नाही, ती हजारो सुखी मुलं एका घासासरशी 'ओढ नसलेली' ठरली. मग ओढ असलेल्यांत परत आलेली मुलं जास्त दिसणार, यात नवल ते काय! केवळ दोन्ही बाजू भरलेले फॉर्म त्यांनी वेगळे काढून मोजले, तेव्हा चित्र पार उलटं निघालं. आधीच्या घराची ओढ असलेल्या मुलांतलं विसात एक परत आलं होतं. ओढ नसलेल्यांतलं पाचात एक.

दोन्ही बाजू नेमाने भरणाऱ्यांत वर्ध्याच्या लीलाबाई तिडके होत्या. आता शहाऐंशी वर्षांच्या. शैलजाबाईंनी फोन लावला.

"तुम्ही प्रत्येक मुलाची मागची बाजू का भरायचात हो?"

"कोरा कागद सरकारला पाठवायची लाज वाटायची, बाई," पलीकडून थकलेला पण खणखणीत आवाज आला. "आणि खरं सांगू का? जाताना माझ्या गळ्यात पडून आक्रोश करायचं ना, त्या पोराची मला काळजी नसायची. ते तिकडे जाऊनही कुणाच्या तरी गळ्यात पडायचंच. मुकाट्याने गाडीत बसायचं, त्याच्या पायी मला झोप लागायची नाही. का गं, आज एवढ्या वर्षांनी का विचारतेस?"

शैलजाबाईंनी फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला.

त्यांनी तीन दिवस बसून जुन्या तक्त्याची दुरुस्ती लिहिली. चूक कुठे झाली, कशी झाली, कुणी केली. खाली सही केली आणि केंद्राला पाठवली. आठवड्याने उत्तर आलं. 'अर्जदार सध्या संगोपक माता असून त्यांच्या ताब्यातील बालकाचा ओढांक मर्यादेबाहेर गेलेला आहे. सबब सदर निष्कर्षामागे व्यक्तिगत हितसंबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मुद्दा पुढील पंचवार्षिक आढाव्यात घेण्यात येईल.' उत्तराची भाषा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. असली उत्तरं लिहायला त्यांनीच माणसं तयार केली होती.

पाच वर्षं. तोवर केतकी पंधरा वर्षांची होणार. म्हणजे पाच वर्षं रोज सकाळी डब्यात काय घालायचं, याचा विचार करायचा. पाच वर्षं सामन्यांना जायचं नाही. पोरगी घरातच राहील, समोरच्या खोलीत, आणि तरी तिच्या आसपास फिरकायचं नाही.

तिसाव्या दिवशी आकडा एकसष्ट होता.

नियमाप्रमाणे बालहित मंडळासमोर सुनावणी झाली. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, तिसऱ्या मजल्यावर. अध्यक्ष मेश्राम मॅडम पन्नाशीच्या, पिकलेल्या केसांच्या, कामाचा उरक असलेल्या बाई होत्या. गभणे कोपऱ्यात बसला होता. सुनावणीपुरती केतकीची पट्टी सतत मोजत होती आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या त्या क्षणाचा आकडा दिसत होता. मूल दडपणाखाली बोलत नाही ना, हे कळावं म्हणून सुनावणीत तसा दाखवावा लागे.

"उत्तम झालं, पुसदेकर बाई," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "एकसष्ट. काहीच अडचण नाही. मुलगी दहा वर्षांची झालीय, तेव्हा तिचं म्हणणं तेवढं नोंदवून घेऊ. केतकी, तुला मावशींकडेच राहायचंय ना?"

केतकी उभी राहिली. तिने फ्रॉकची कड मुठीत धरली होती.

"नाही," ती म्हणाली. "मला दुसऱ्या घरी जायचंय."

गभणे खुर्चीत पुढे सरकला. मेश्राम मॅडमनी चष्मा काढला. "का गं? कुणी मारतं का? ओरडतं?"

"नाही. त्या खूप चांगल्या आहेत." कालपर्यंत 'अगं मावशी' म्हणणारी पोरगी 'त्या' म्हणत होती. "पण त्यांना मी नकोय. त्यांना तोंडावर सांगता येत नाही. त्या तशा नाहीत. म्हणून मीच सांगते. त्यांना ओरडू नका."

पडद्यावर अठ्ठावन्न दिसत होतं.

शैलजाबाई गप्प बसल्या असत्या, तर पोरगी गेलीच असती, आपण कुणाला नको होतो हे उशाशी घेऊन, सहाव्या घरी. बोलल्या असत्या, तरी ती जाणारच होती. सगळे रस्ते त्यांनी आधीच मोजून पाहिले होते. पोर घरी राहील असा एकही निघत नव्हता.

त्या उठल्या.

"केतकी, इकडे बघ. वेणी घालायला मी तुला बेबीताईंकडे पाठवत होते, ते तेलाच्या वासामुळे नाही. तुझ्या सामन्याच्या दिवशी मी साडी नेसून खुर्चीत बसले होते. तुझ्या हातातली ती पट्टी आहे ना, ती तुला मी किती आवडते ते मोजते. फार आवडले तर तुला माझ्याकडून काढून नेतात. म्हणून मी तुला नावडती व्हायला बघत होते."

"पुसदेकर बाई!" मेश्राम मॅडम अर्धवट उठल्या. "हे सांगायचं नसतं. तुम्हाला नियम ठाऊक आहे. बसा खाली."

"तो नियम माझाच आहे, मॅडम. म्हणून तर सांगतेय. तो चुकीचा आहे. कोऱ्या खान्यांत शून्य टाका, असं मी सांगितलं होतं. जेवता जेवता."

केतकी एकटक त्यांच्याकडे बघत होती. "म्हणजे मी तुला आवडते?"

"फार."

पडदा चौसष्ट म्हणाला. मग सदुसष्ट.

"बाई, हात जोडते, आता बोलू नका," मेश्राम मॅडमचा आवाज खाली आला होता. "आकडा चढतोय. मुलीला पट्टीचा अर्थ कळला, म्हणजे तीस दिवसांची दुरुस्तीही बाद झाली. इथे दिसलेलं सगळं आपोआप वर जातं, मला काहीच लपवता येत नाही."

"चढू द्या," शैलजाबाई म्हणाल्या.

एकाहत्तर. केतकी खुर्च्यांना वळसा घालून आली आणि त्यांच्या पोटाशी डोकं खुपसून उभी राहिली. शहात्तर. गभणेने उठून पडद्याकडे पाठ केली. त्र्याऐंशी.  चौऱ्याऐंशीवर आकडा स्थिरावला आणि खाली लाल अक्षरात ओळ आली, 'स्थलांतर आदेश. मुदत: सोमवार सकाळ.'

टंकलेखिकेने विचारलं, "मॅडम, त्या शून्याचं जे काही बोलल्या, ते इतिवृत्तात घेऊ का?"

"प्रत्येक शब्द घे," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "सुनावणीतली कबुली आहे ती. तिला हितसंबंध म्हणून बाजूला सारता येत नाही. हिच्यासाठी वेळेवर व्हायचं नाही, बाई. पण मी पाठवते."

शैलजाबाईंनी मान हलवली.

केतकीने डोकं वर केलं. डोळे लाल होते. तिने पडद्यावरची लाल ओळ अक्षर अक्षर लावत वाचली. "म्हणजे मला जावंच लागेल?"

"हो, बाळा."

"सोमवारी?"

"सोमवारी सकाळी."

केतकी बोटं दुमडत मोजू लागली. "आज गुरुवार. मग शुक्रवार, शनिवार, रविवार." तिने ती चार बोटं शैलजाबाईंपुढे धरली. "आणि या चार दिवसांत आकडा कितीही झाला तरी चालेल?"

"कितीही."

"मग इथे काय करतोय आपण?" असं म्हणून तिने शैलजाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत जिन्याकडे नेलं.